पहिल्या प्रतीचा खर्च

उज्जैनच्या माधव नगरला गावात सगळे फ्रीगंज म्हणतात. स्टेशनच्या एका अंगाला महाकाळ, गोपाळ मंदिर आणि बोळांचे जुने शहर. दुसऱ्या अंगाला शिंदेशाहीत आखलेली ही सरळ रस्त्यांची वस्ती आणि मधोमध टॉवर चौक. इथून देवास रोडला लागले की विक्रम विद्यापीठ येते. १९५७ साली ते सुरू झाले, आता त्याचे नाव सम्राट विक्रमादित्य विश्वविद्यालय झाले आहे. कॉलेजचे प्रवेश आटोपले की या भागातल्या पुस्तकांच्या दुकानांसमोर मुलामुलींची गर्दी होते. आगर, तराना, महिदपूर, खाचरोदकडून आलेली मुले असतात, खोली भाड्याने घेऊन राहतात, आणि खिशात महिन्याचा हिशेब बांधलेला असतो.

गेल्या ऑगस्टमध्ये पुतणीबरोबर अशाच एका दुकानात उभा होतो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची तिची यादी होती सात पुस्तकांची. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीने भौतिक रसायनशास्त्राचे जाड पुस्तक मागितले. ते हातात आल्यावर तिने आधी मागचे कव्हर पाहिले, मग अनुक्रमणिका उघडली, दोन पाने वाचली, पुन्हा मागचे कव्हर पाहिले आणि पुस्तक काउंटरवर ठेवले. दुकानदाराला हे रोजचे. त्याने मायेने विचारले, “बेटा, वन वीक दे दूँ?” तिने मान हलवली. परीक्षेत हमखास येणाऱ्या प्रश्नांची तयार उत्तरे असलेली ती पातळ पुस्तिका घेऊन ती गेली.

त्या मुलीने दोन पाने वाचली होती, हे मला विसरता येत नाही. पुस्तक तिला हवे होते आणि ते तिला समजतही होते. आडवी आली ती फक्त किंमत. ही किंमत ठरते कशी, हे नीट पाहिले तर ती कमी कुठे होऊ शकते तेही दिसते.

पुस्तकाचे दोन खर्च असतात. एक पहिल्या प्रतीचा. लेखकाचे दोन-तीन वर्षांचे काम, विषयतज्ज्ञाकडून तपासणी, संपादन, आकृत्या, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन. छापखान्यात पहिले पान पडण्याआधी हा सगळा पैसा खर्च झालेला असतो. दुसरा खर्च पुढच्या प्रत्येक प्रतीचा: कागद, शाई, बांधणी. समजा, पहिल्या प्रतीला तीन लाख रुपये लागले आणि नंतरची प्रत्येक प्रत नव्वद रुपयांत छापून निघाली. पाचशे प्रती काढल्या तर एकेका प्रतीवर सहाशे रुपयांचा बोजा बसतो आणि ती ६९० रुपयांना पडते. दहा हजार प्रती काढल्या तर बोजा तीस रुपये, आणि प्रत पडते १२० रुपयांना. त्यावर लेखकाचे मानधन, वाहतूक, वितरक आणि दुकानदाराचे कमिशन. म्हणून पहिल्या वर्षाच्या, हजारो मुलांच्या विषयाचे पुस्तक आवाक्यात असते, आणि एम.एस्सी.च्या एखाद्या विशेष पेपरचे, जेमतेम तीस मुलांनी घेतलेले, तितक्याच पानांचे पुस्तक कित्येक पट महाग असते.

कराचेही थोडे सांगितले पाहिजे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. पण कागदावर आणि छपाईच्या कामावर तो आहे. पुस्तक करमुक्त असल्यामुळे प्रकाशकाला भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून तो कर गुपचूप छापील किमतीत जाऊन बसतो.

तरीही खर्चातून सगळी किंमत उलगडत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या सुपाप किर्तसेंग या थाई विद्यार्थ्याच्या लक्षात आले, की इथे ज्या पुस्तकांना भरमसाट पैसे मोजावे लागतात तीच पुस्तके त्याच्या देशात कितीतरी स्वस्तात मिळतात. मजकूर तोच, प्रकाशकही तोच. त्याने घरच्यांना थायलंडमधून पुस्तके पाठवायला सांगितली आणि अमेरिकेत विकली. प्रकाशकाने दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि मार्च २०१३ मध्ये न्यायालयाने विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला: कायदेशीर छापलेली आणि एकदा विकत घेतलेली प्रत, ती कुठल्याही देशात छापलेली असो, घेणारा पुन्हा विकू शकतो. आपल्याकडच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांवर ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ अशा अर्थाची ओळ असते, ती याच व्यवहारातली. एकाच पुस्तकाच्या दोन देशांत दोन किमती असतात, कारण किमतीचा एक मोठा भाग घेणारा किती देऊ शकेल या अंदाजावर ठरतो.

आणि पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत घेणाऱ्याला निवडच नसते. औषध डॉक्टर लिहून देतो, पैसे रोगी मोजतो, तसेच हे आहे. अभ्यास मंडळ संदर्भग्रंथांची यादी करते, वर्गावरचे सर किंवा मॅडम त्यातले एक नाव सांगतात, आणि विद्यार्थी दुकानात जातो. निवडणाऱ्याला बहुतेक वेळा पुस्तकाची किंमत माहीतही नसते, कारण त्याला ती प्रत नमुना म्हणून भेट आलेली असते. मी शिक्षकांना दोष देत नाही. यादी करताना कोणी त्यांच्यासमोर किमतीचा रकाना ठेवतच नाही. तो एक रकाना छापला, तरी मंडळाच्या बैठकीतली चर्चा बदलेल अशी माझी खात्री आहे.

आपल्या देशात चांगले पुस्तक स्वस्तात मिळाले, असे अनेकदा घडले आहे. दरवेळी पहिल्या प्रतीचा खर्च दुसऱ्या कोणीतरी उचललेला होता. १९६०च्या सुमारास ब्रिटिश सरकारने इंग्लिश लँग्वेज बुक सोसायटीची योजना सुरू केली. ईएलबीएसचा शिक्का असलेली वैद्यकाची, अभियांत्रिकीची, अर्थशास्त्राची पुस्तके भारतात मूळ किमतीच्या एका भागात मिळत. डॉक्टर झालेल्या कितीतरी मराठी घरांतल्या कपाटांत ती अजून आहेत. अमेरिकेनेही गव्हाच्या मदतीतून भारतात साठलेल्या रुपयांतून पाठ्यपुस्तके छापवली. सोव्हिएत संघाच्या मीर प्रकाशनाची गणित-भौतिकीची पक्क्या बांधणीची पुस्तके तर अगदी नाममात्र दरात येत. इरोदोव्हचा भौतिकीच्या प्रश्नांचा संग्रह आजही आयआयटीची तयारी करणारी मुले सोडवतात. यामागे शीतयुद्धाचे राजकारण होते, प्रत्येकाला भारतीय तरुणाच्या मनात जागा हवी होती. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला, त्याच दशकात ईएलबीएसही बंद पडली, आणि दुसऱ्याच्या पैशावर उभा असलेला स्वस्ताईचा तो काळ ओसरला.

आपले स्वतःचेही एक पाऊल होते आणि माझ्या मते ते अधिक मोलाचे होते. १९६८च्या शिक्षण धोरणानंतर केंद्र सरकारने भारतीय भाषांत विद्यापीठ स्तरावरची पुस्तके तयार करण्यासाठी राज्यांना प्रत्येकी एक कोटी रुपयांपर्यंत निधी देऊ केला. त्यातून १९६९ मध्ये भोपाळला मध्य प्रदेश हिंदी ग्रंथ अकादमी स्थापन झाली. महाराष्ट्रात त्याच योजनेतून नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ निघाले. मंडळाची भूगोल, राज्यशास्त्र, वनस्पतिशास्त्रावरची मराठी पुस्तके आता जुन्या ग्रंथालयांतच भेटतात. भोपाळची अकादमी मात्र आजही चालू आहे, आणि तिची पुस्तके खाजगी प्रकाशनांच्या मानाने स्वस्त आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली, ती याच वाटेवरची.

स्वस्त पुस्तक छापले म्हणजे ते मुलाच्या हातात पडलेच, असे मात्र होत नाही. दुकानदार टक्क्यांवर जगतो. शंभर रुपयांच्या पुस्तकावर मिळणारे कमिशन पाचशेच्या पुस्तकापेक्षा थोडे, आणि मांडणीवर जागा तितकीच. म्हणून तो स्वस्त पुस्तक पुढे ठेवत नाही. अकादमीचे पुस्तक विचारले की बरेचदा ‘मागवावे लागेल’ असे उत्तर येते, आणि पेपर दोन महिन्यांवर आलेला मुलगा थांबू शकत नाही. विद्यापीठाच्या आवारात ऑगस्ट-सप्टेंबरचे दोन महिने जरी अशा पुस्तकांचे टेबल लागले, तरी केवढे काम होईल!

लेखकाचा विचारही इथेच केला पाहिजे, कारण स्वस्ताईच्या उत्साहात तो पहिला विसरला जातो. गजानन माधव मुक्तिबोध घरी मराठी बोलणारे, हिंदीत लिहिणारे. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. मुक्तिबोधांनी १९३५ मध्ये इथल्याच माधव कॉलेजातून इंटर केले, पुढे उज्जैनला शिक्षकी केली. हिंदी कवितेला वेगळे वळण देणाऱ्या या माणसाने आयुष्यभर पैशांची ओढाताण सोसली आणि त्या ओढाताणीतच एक पाठ्यपुस्तक लिहिले, ‘भारत : इतिहास और संस्कृति’. अभ्यासक्रमात ते टिकले असते तर घराला आधार झाला असता. विरोध उठला आणि १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. दोन वर्षांनी ते गेले. पाठ्यपुस्तक लिहिणे हे कष्टाचे काम आहे आणि लिहिणाऱ्याचे घर त्यावर चालते. विद्यार्थ्याला पुस्तक फुकट मिळावे असे वाटत असेल, तर लेखकाचे मानधन आधी आणि पूर्ण मिळण्याची सोय करावी लागते.

आता झेरॉक्सबद्दल, कारण फ्रीगंजमधल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा तो खरा मार्ग आहे. स्पायरल बाइंडिंग केलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा नसलेली खोली शोधून सापडणार नाही. हे गुन्हा आहे का? भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(i) आहे. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात एखाद्या कृतीची नक्कल केली तर तो हक्कभंग ठरत नाही, असे ते सांगते. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या छोट्या दुकानावर दावा लावला. शिक्षकांनी वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणे निवडून संच ठरवले होते आणि दुकान त्यांच्या प्रती पानाला चाळीस पैसे दराने काढून देत होते. ज्यांची पुस्तके त्या संचांत होती अशा काही लेखकांनीही प्रकाशकांना पत्र लिहून दावा मागे घ्या म्हटले. अमर्त्य सेन यांनीही दाव्याविरुद्ध लिहिले.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही मुख्य मुद्दा उचलून धरला: ‘अध्यापनाच्या ओघात’ म्हणजे केवळ वर्गातला तास नव्हे, धडा ठरवण्यापासून परीक्षेपर्यंतचा सगळा काळ त्यात येतो; आणि शिकवण्याच्या हेतूला जेवढे लागते तेवढी नक्कल न्याय्य आहे. संचातला मजकूर खरोखर तेवढ्याच गरजेचा होता का, आणि सबंध पुस्तकांच्या नकलांचे काय, हे पुराव्यावर तपासायला खंडपीठाने खटला परत पाठवला. पण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच सोडून दिला, म्हणून तो भाग अनुत्तरित राहिला.

याचा व्यवहारातला अर्थ असा. शिक्षकाने चार पुस्तकांतली चार प्रकरणे निवडून वर्गासाठी संच केला तर कायदा त्याच्या बाजूने बोलतो. आख्ख्या पुस्तकाची नक्कल करून विकणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिने मार बसतो तो बहुधा कमी खपाच्या, भारतीय भाषांतल्या लेखकालाच. माझ्या मते संच करण्याचा हक्क आपल्या कॉलेजांनी जितका वापरायला हवा तितका वापरलेला नाही. चारशे पानांच्या पुस्तकातली साठ पानेच अभ्यासक्रमात असतात, आणि मुलगा किंमत मात्र चारशे पानांची मोजतो.

आमच्या घरात काकांचे कॅल्क्युलसचे पुस्तक आहे. पहिल्या कोऱ्या पानावर चार हस्ताक्षरांत चार नावे आणि चार वर्षे. पहिले निळ्या शाईत, टाकाने, दुसऱ्याने पहिले नाव न खोडता त्याखाली आपले लिहिले, तिसऱ्याचे पेन्सिलीत, चौथे काकांचे. समासात एका गणिताशेजारी एकाने ‘चूक’ लिहिले आहे, आणि खाली दुसऱ्या अक्षरात ‘बरोबर आहे, पुन्हा करून पाहा’. एक प्रत चौघांनी वापरली, त्यामुळे प्रत्येकाला ती पाव किमतीत पडली. पुण्याचा अप्पा बळवंत चौक, मुंबईत माटुंग्याचे किंग्ज सर्कल, इंदूरचा खजुरी बाजार, सगळीकडे जुन्या पाठ्यपुस्तकांचा व्यवहार असाच चालत आला.

हा व्यवहार अभ्यासक्रम टिकला तरच टिकतो. मध्य प्रदेशात सेमिस्टर आले, मग पुन्हा वार्षिक परीक्षा आल्या, आणि २०२१-२२ पासून नवीन शिक्षण धोरणाप्रमाणे पदवीची घडीच बदलली. प्रत्येक बदलाबरोबर घराघरांतली जुनी पुस्तके रद्दीत गेली. अभ्यासक्रम सुधारलाच पाहिजे, यात शंका नाही. पण पेपरची नावे, प्रकरणांचा क्रम, एकके हलवायची आणि आतला मजकूर तोच ठेवायचा, अशा बदलाने विज्ञान पुढे जात नाही आणि पुढच्या मुलाच्या हातचे पुस्तक मात्र जाते. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये काकांच्या काळापासून आजवर फार थोडे बदलले आहे.

एका कॉलेजने पुस्तकपेढी चालवली तर तिचे गणित सोपे आहे. सात पुस्तकांचा साडेतीन हजारांचा संच पाच वर्षे, पाच मुलांकडे फिरला तर प्रत्येकाला वर्षाला सातशे रुपये पडतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारने १९७८-७९ पासून वैद्यकीय आणि अभियांत्रिकीत अशा पुस्तकपेढ्या सुरू केल्या, आणि मध्य प्रदेशातल्या सरकारी कॉलेजांत अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना पुस्तके व स्टेशनरी मोफत देण्याची योजना आहे. त्यापलीकडच्या गरीब मुलाला वाली नाही. माधव नगरात शिकून बाहेर गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी दहा घरांनी दहा संच दिले, तर एका वर्गाची सोय होईल.

राहिली इंटरनेटवरची खुली पुस्तके. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाने २०१२ मध्ये ओपनस्टॅक्स सुरू केले. तिथेही पहिल्या प्रतीचा खर्च मोठ्या दानसंस्थांनी उचलला, लेखकांना मोबदला मिळाला, आणि भौतिकी, जीवशास्त्र, अर्थशास्त्राची पूर्ण पुस्तके कोणालाही मोफत उतरवून घेता येऊ लागली. त्यांतल्या बहुतेक पुस्तकांचा परवाना इतका मोकळा आहे, की श्रेय देऊन त्यांचे हिंदी किंवा मराठी भाषांतर कोणीही करू शकतो. आपल्याकडे इग्नूने आपले अभ्याससाहित्य ईज्ञानकोश या संकेतस्थळावर ठेवले आहे, त्यात हिंदीतलेही भरपूर आहे. घरी एकट्याने वाचून समजावे अशाच बेताने ते लिहिलेले असते, म्हणून नियमित कॉलेजच्या मुलालाही ते उत्तम चालते. कॉलेजांसाठी एन-लिस्ट नावाची सेवा आहे. कॉलेज वर्षाला थोडे शुल्क भरते आणि विद्यार्थ्याला घरबसल्या हजारो ई-पुस्तके उघडता येतात. आपल्या कॉलेजने ते शुल्क भरले आहे का, हे ग्रंथपालांना जाऊन विचारा. भरलेले असेल तर तुमच्या नावाचा पासवर्ड तिथेच मिळतो, आणि तो न मागितल्याने कितीतरी कॉलेजांत ही सेवा पडून राहते.

पुतणीने मात्र वेगळेच काम केले. यादीतल्या एका पुस्तकाची नवी आवृत्ती महाग होती आणि ओळखीच्या एका दादाकडे दोन आवृत्त्यांमागची प्रत होती. ग्रंथालयात बसून तिने आणि तिच्या मैत्रिणीने दोन्ही प्रती शेजारी शेजारी उघडल्या. वहीच्या पानावर दोन रकाने पाडले: जुने प्रकरण, नवे प्रकरण. चौदापैकी अकरा प्रकरणे जशीच्या तशी होती, दोहोंचा क्रम बदलला होता, एक नवे होते, आणि प्रत्येक प्रकरणाखालच्या प्रश्नांना नवे क्रमांक दिले होते. दुपारभरात तक्ता झाला. नव्या प्रकरणाची झेरॉक्स काढली, बावीस पाने. सरांना दाखवल्यावर त्यांनी वर्गात सांगितले, गृहपाठात यापुढे प्रश्नाचा क्रमांक नको, प्रश्नच लिहा. त्या तक्त्याची एक प्रत आता कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याने काचेवर आतून चिकटवली आहे. जुनी आवृत्ती घेऊन येणारी मुले तिथे उभी राहून आपल्या वहीत तो तक्ता उतरवून घेतात.